धाकट्याची झोप विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात पोरांना घेऊन महाबळेश्वरला जायचंय म्हटल्यावर बऱ्याच जणांनी सल्ले दिले. कुणी पॉइंटांची यादी दिली, कुणी हॉटेलांची नावं. तुम्ही मात्र पहिलाच प्रश्न विचारलात, "धाकटा दुपारी किती वाजता झोपतो?" घाटातून एसटी चालवण्यात नोकरी काढलेला माणूस प्रवासाची आखणी अडीच वर्षांच्या मुलाच्या झोपेपासून सुरू करतो, याचं मला तेव्हा नवल वाटलं. पण आमची सगळी सहल त्या एका प्रश्नावर उभी राहिली. तुमचे आभार चारचौघांत मानायचे म्हणून हे उघड पत्र. शिवाय सांगली तापायला लागली की घराघरांत हाच बेत शिजतो, तेव्हा तुमचं सांगणं आणखी चार आयांच्या उपयोगी पडेल.

"एका दमात वर चढायचं नाही," हे तुम्ही ठामपणे सांगितलंत. पहाटे निघा, कराडला पोरांना मोकळं सोडा, वाईत मुक्काम करा आणि पसरणीचा घाट दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत. धाकट्याची झोप सातारा ते वाई या टप्प्यात बसवायची, हेही तुमचंच. तो खरंच तेवढ्या वेळात झोपला, आणि वाईत उतरला तो ताजातवाना. ढोल्या गणपतीपुढच्या घाटाच्या पायऱ्यांवर त्यानं आजीला दमवलं. तिथून जवळच्या मेणवलीच्या घाटावरची ती भलीमोठी घंटा बघून तर तो हलायलाच तयार नव्हता.

घाटासाठी तुम्ही सांगितलेलं सगळं मी कागदावर उतरवून घेतलं होतं. पोरांचं पोट रिकामंही नको आणि भरलेलंही नको. दुधाऐवजी कोरडे चुरमुरे किंवा अर्धी पोळी द्यायची. मोबाइल पिशवीत, नजर लांबच्या डोंगरावर. पुढच्या ट्रकच्या मागे चिकटून जायचं नाही, कारण वळणांपेक्षा धुरानं पोरं आधी कासावीस होतात. थोरलीला गाडी लागते, तिच्या हातात लिंबू दिलं होतं. अर्ध्या घाटात एकदा थांबलो, पाय मोकळे केले, आणि कुणालाही उलटी न होता पाचगणी गाठली.

पण काका, तुमचे खरे आभार मानायचेत ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. निघताना तुम्ही थोरलीला जवळ बोलावून म्हणालात, "आपली कृष्णा कुठनं येती ते बघायला चाललीयास तू. गाडी नदीच्या उलटी जाणार हाय." तेवढ्या एका वाक्यानं तिचा प्रवास बदलला. सांगलीच्या पोरांना कृष्णा कळते ती आकड्यांतून. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ फुटांवर गेलं की धोका. २०१९ च्या महापुराच्या गोष्टी तिनं घरात इतक्या ऐकल्यात की नदी म्हणजे घाबरायची गोष्ट, असंच तिच्या मनात बसलंय. कराडला प्रीतिसंगमावर तिनं कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भेटताना पाहिल्या. साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा भेटली. पुढे प्रत्येक पुलावर तिचा एकच प्रश्न, "ही कोणती?"

क्षेत्र महाबळेश्वरला, जिथं कृष्णेसह पाच नद्यांचा उगम मानतात त्या पंचगंगेच्या देवळात रांग होती, पण तुम्ही सांगितल्याप्रमाणे आम्ही शेजारच्या कृष्णाबाईच्या जुन्या दगडी देवळातही गेलो. तिथं गर्दी नव्हती. गोमुखातून पडणारी बारीकशी धार बघून ती म्हणाली, "एवढीशी? मग पूर कुठनं येतो?" तिथंच पायरीवर बसून तिला सांगितलं, की या सगळ्या डोंगरांवरचा पाऊस वेण्णेतून, कोयनेतून खाली येतो आणि आपल्या हरिपूरला वारणाही त्यात मिळते. त्या पाचांतली सावित्री मात्र कोकणात उतरून पश्चिमेच्या समुद्राला जाते, हे ऐकून तिला फार वाईट वाटलं. सहा वर्षांच्या मुलीला भूगोल इतक्या जवळून कळताना मी पहिल्यांदा पाहिला.

तुम्ही यादीतून जे खोडलंत त्याचेही आभार. कासचं फुलांचं पठार सप्टेंबरात फुलतं, मेमध्ये तिथं नुसता तापलेला कातळ. ठोसेघरचा धबधबा पावसाळ्यातला. प्रतापगडाच्या पायऱ्या धाकट्याला कडेवर घेऊन भर उन्हात चढायच्या नाहीत, गड कुठं पळून जात नाही. मुक्काम महाबळेश्वरच्या बाजारात न करता पाचगणीजवळच्या भिलारला एका घरी करा, तोही सोमवार ते गुरुवार. खोली ठरवताना फोनवर तीन गोष्टी विचारा: सकाळी गरम पाणी, पोरांना मऊ भात, आणि गॅलरीच्या गजांमधून लहान मुलाचं डोकं जातं का. हा तिसरा प्रश्न माझ्या मनातही आला नसता.

भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत पुस्तकं मांडलेली, कुणीही जाऊन वाचत बसावं. दुपारच्या उन्हात थोरली तिथं चित्रांची पुस्तकं घेऊन बसायची, तोवर धाकटा झोपलेला. संध्याकाळी पाचगणीच्या टेबललँडवर, त्या सपाट पठारावर, पोरं मनसोक्त पळाली. कड्याच्या बाजूला मात्र आम्ही त्यांचा हात सोडला नाही. माकडांपासून खाऊ लपवून ठेवला. स्ट्रॉबेरी संपत आली होती, पण जांभळं आणि करवंदं भरपूर मिळाली. रात्री स्वेटर लागले. खाली सांगलीत कूलर फिरत असताना!

एका बाबतीत मी तुमचं ऐकलं नाही. वेण्णा तलावावर गर्दी असते, तिकडं फिरकू नका म्हणाला होतात. आम्ही मधल्या वारी सकाळी लवकर गेलो, पोरांच्या मापाची लाइफ जॅकेटं आहेत हे बघितलं आणि नाव घेतली. थोरली अजून त्याबद्दलच बोलते. पुढच्या कुणाला सांगाल तेव्हा एवढी भर घाला.

सासूबाईंनी तुमच्यासाठी करवंदाचं लोणचं घातलंय. रविवारी काकूंना घेऊन जेवायला या. येताना तुमची ती निळी वही आणा, सप्टेंबरात पोरांना कास दाखवायचंय. तिथं आधी नोंदणी करावी लागते, ती मी करते. पण कुठं थांबायचं, धाकट्याला कधी झोपवायचं, ते तुम्हीच ठरवा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची सूनबाई
विश्रामबाग, सांगली