आमचा मेपल वाचवणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला लागलो की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र.

आमच्या मेपलची पानं भर उन्हाळ्यातच लाल व्हायला लागली, तेव्हा मी ती कौतुकाने तुम्हाला दाखवायला आणली होती. तुम्ही "झाड कुठाय?" एवढंच विचारलंत आणि चपला घातल्यात. हंगामाआधी चढलेला रंग ही झाड अडचणीत असल्याची खूण असते, हे मला त्या दिवशी कळलं.

खोड जमिनीतून खांबासारखं सरळ वर आलं होतं. तुम्ही गुडघ्यांवर बसून बोटांनी माती उकरलीत. खोड रुंदावून जिथे मुळांना मिळतं, तो भाग चार बोटं खाली गाडला गेला होता आणि करंगळीएवढ्या मुळाने त्याला विळखा घातला होता. कुंडीत गोल फिरलेलं ते मूळ मी न सोडवता तसंच लावलं होतं. मेपलमध्ये हे फार होतं. खोड आणि मूळ दोन्ही जाड होत जातात आणि अन्नपाण्याची वाट आवळली जाते, असं सांगत तुम्ही छिन्नीने ते तोडलंत. माझा जीव खालीवर होत होता.

मी हे झाड निवडलं ते भराभर वाढतं म्हणून. फ्रीमन मेपल हा लाल आणि रुपेरी मेपलचा संकर. अमेरिकेच्या नॅशनल आर्बोरेटम या वृक्षोद्यानात ऑलिव्हर फ्रीमन यांनी १९३३ साली तो मुद्दाम घडवला. रुपेरीचा वेग, लालचा शरदातला रंग. पण आमच्या झाडाला दोन शेंडे बरोबरीने फुटले होते, मधली बेचकी अरुंद, तिच्यात साल आत दुमडलेली. असा जोड वादळात उभा चिरतो. एक शेंडा काढायला मी तयारच नव्हतो, अर्धं झाड जाईल असं वाटत होतं. तुम्ही हट्ट धरला नाहीत. पहिल्या वर्षी तो नुसता आखूड केलात, पुढच्या वर्षी पूर्ण काढलात, तोही बुडाशी असलेली सालीची फुगीर कड राखून. आज त्या जखमेभोवती नवी साल वळ्यासारखी चढते आहे.

खोडाला टेकवून रचलेला भुसाही तुम्हीच मागे सारलात. आता तो वीतभर लांब असतो. पाणी रोज शिंपडत नाही, आठवड्यातून एकदा सावकाश, खोल मुरेपर्यंत देतो.

गेल्या उन्हाळ्यात पानं हिरवीगार राहिली आणि शरदात झाड आपल्या वेळेला लाल झालं. ते बघताना तुमची मातीने भरलेली बोटं आठवली, काका. मनापासून आभार.

वर आणखी एक अरुंद बेचकी दिसते आहे. वसंताच्या तोंडावर कापलं तर मेपल रस गाळत राहतो, म्हणून पानं पूर्ण उमलेपर्यंत थांबलो आहे. करवतीला धार लावून ठेवली आहे. त्याआधी एकदा येऊन बघून जा.

तुमचा,
शेजारचा