रोजगार हमी दुष्काळातून जन्मलेली नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ग्रामीण रोजगाराविषयी आपल्या दैनिकात नुकत्याच आलेल्या लेखात, कामाची हमी ही कल्पना १९७२ च्या दुष्काळात जन्माला आली आणि २००५ च्या केंद्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने तिला खरे बळ मिळाले, अशा आशयाचे विधान आहे. लेख चांगला आहे, परंतु ज्यांनी ही योजना मांडली त्या वि. स. पागे यांचे नाव त्यात एकदाही येत नाही. ज्यांच्या तालुक्यात या कल्पनेची पहिली चाचणी झाली, त्या आम्हा तासगावकरांना ही गोष्ट खटकणे साहजिक आहे.

विठ्ठल सखाराम पागे हे सांगली जिल्ह्यातले स्वातंत्र्यसैनिक. गांधीजींच्या विचाराने भारलेल्या पिढीतले. सत्याग्रह करून त्यांनी तुरुंगवास पत्करला. आमच्या जिल्ह्याचा स्वातंत्र्यलढा म्हटला की क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार, वसंतदादांनी फोडलेला सांगलीचा तुरुंग, नागनाथअण्णा आणि जी. डी. बापू यांची नावे समोर येतात, आणि ती यायलाच हवीत. त्या धगधगत्या कथांपुढे पाग्यांसारखा शांत, अभ्यासू माणूस झाकला गेला. पोवाडा व्हावा असे त्यांच्या आयुष्यात फारसे काही नव्हते.

महाराष्ट्र राज्य १९६० साली स्थापन झाले, त्या वर्षापासून १९७८ पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. म्हणजे हाती खाते नाही, निधी नाही आणि पक्षीय राजकारणापासून चार हात दूर राहण्याचे बंधन. (विधान परिषद हवी कशाला, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो; विचारणाऱ्यांनी निदान हे एक उदाहरण तपासावे.) अशा पदावरून त्यांनी तत्कालीन मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्याकडे ग्रामीण बेकारांना काम देण्याच्या योजनेचा पाठपुरावा केला आणि साठच्या दशकातच तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात तिचा प्रयोग सुरू करवला. पावसाने वर्षामागून वर्षे दगा देऊन राज्य होरपळले, ते त्यानंतर. दुष्काळाने या कल्पनेला राज्यभर पसरवले, हे मान्य. पण तिचा आराखडा आधीच तयार होता.

हा फरक केवळ तारखांचा नाही. मी लघुपाटबंधाऱ्यांच्या कामावर कनिष्ठ अभियंता म्हणून नोकरी केली आहे. दुष्काळी काम केव्हा सुरू करायचे, हे सरकार ठरवते; टंचाई जाहीर झाली की खडी फोडायला माणसे लागतात आणि पाऊस पडला की काम बंद होते. पाग्यांच्या योजनेत सुरुवात मजुराकडून होते. गावातली बाई ‘नमुना ४’ हा मागणी अर्ज भरून काम मागते आणि तिला पंधरा दिवसांत काम देणे सरकारवर बंधनकारक ठरते. न दिल्यास बेकारभत्ता द्यावा लागतो. तो भत्ता सुरुवातीला दिवसाला एक रुपया, म्हणजे नगण्यच होता. पण तो देणे म्हणजे प्रशासनाने स्वतःची कसूर लेखी कबूल करणे होते. त्यामुळे कामे मंजूर करून ठेवण्याची तहसील कचेरीत जी धावपळ चाले, ती मी जवळून पाहिली आहे.

कामावरही हीच शिस्त होती. नालाबांधासाठी, म्हणजे ओढ्यावरच्या मातीच्या बांधासाठी, माती खणताना खड्ड्याच्या मध्ये मातीचा एक खांब न खणता सोडायचा, म्हणजे मूळ जमीन किती उंच होती ते कळते. त्यावर टेप लावून टोळीने किती घनमीटर माती काढली ते मोजायचे आणि त्या मापावर मजुरी काढायची. पुरुषाला आणि बाईला दर एकच. शेतमजुरीत बाईला कमीच द्यायचे, हा रिवाज पक्का असलेल्या गावांमध्ये ही साधी गोष्ट नव्हती, आणि कामावर बायांची संख्या एवढी मोठी का असे, याचे एक उत्तर त्यात आहे.

पुढे कायदा झाला. विधिमंडळाने तो १९७७ साली मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. कामाचा हक्क राज्यघटनेत मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आहे, न्यायालयात मागता येणाऱ्या हक्कांमध्ये नाही. महाराष्ट्राने ग्रामीण भागापुरता त्याला कायद्याचा आधार दिला. पैशाची सोयही पक्की केली. शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून आजही दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. १९७५ चा हा कर मुळात रोजगार हमीसाठी लावला गेला आणि जमा होईल तेवढीच रक्कम राज्याने आपल्याकडून घालायची, असे ठरले. वेतनचिठ्ठीवर ही कपात पाहणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

योजनेत दोष नव्हते असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. खोटे हजेरीपट झाले, पाझर तलाव अर्धवट राहिले, मजुरी आठवडेच्या आठवडे रखडली, आणि मुकादमांची घरे भरली. त्याची चर्चा व्हावी. मात्र २००५ चा केंद्रीय कायदा हा आमच्या कायद्याच्या पुढचे पाऊल होता, असे सरसकट म्हणता येत नाही. त्याने ही कल्पना देशभर नेली, हे त्याचे मोठे श्रेय. पण त्याची हमी कुटुंबामागे वर्षाला शंभर दिवसांची होती. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात हमी प्रत्येक प्रौढ व्यक्तीला होती आणि तिला दिवसांची मर्यादा नव्हती.

रोजगार हमीच्या विधेयकावर दोन्ही सभागृहांत झालेल्या चर्चेची कार्यवृत्ते विधिमंडळाच्या ग्रंथालयात आहेत. आपल्या दैनिकाने त्यांतील निवडक भाग आणि पाग्यांचा सविस्तर परिचय पुरवणीत छापावा, अशी विनंती आहे. तेवढे शक्य नसेल, तर निदान त्या विधानाची दुरुस्ती छापावी.

आपला नम्र,
एक निवृत्त अभियंता, तासगाव (जि. सांगली)