भागीदाराचे पैसे आधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उद्योजकांच्या मेळाव्यांत हल्ली एका वाक्याला हमखास टाळ्या पडतात: 'धंदा शिकायचा तर सायबर चोरांकडून शिका.' मग जामताऱ्याच्या पोरांची चलाखी आणि 'डिजिटल अरेस्ट'वाल्यांचं नाटक रंगवून सांगितलं जातं. म्हाताऱ्या माणसाला धाक दाखवून त्याची पेन्शन लुटण्यात आपण काय शिकायचं, हे वक्त्यांनाच ठाऊक. शिकायचंच असेल तर हे लोक आपसातला व्यवहार कसा करतात, ते बघावं.

त्यांची अडचण अशी, की समोरच्याने बुडवलं तर कोर्टात जायची सोय नाही. त्याचं खरं नावसुद्धा माहीत नसतं. म्हणून भरवशाची व्यवस्था धंद्यातच करावी लागते. २०११ ते २०१३ या काळात चाललेल्या 'सिल्क रोड' या अमली पदार्थांच्या ऑनलाइन बाजारात माल पोचेपर्यंत ग्राहकाचे पैसे मध्यस्थाकडे राहत, आणि विक्रेत्याला गिऱ्हाईक उघडपणे गुण देत असे.

'लॉकबिट'चं उदाहरण मला जास्त झोंबलं. खंडणीसाठी कॉम्प्युटरमधली माहिती कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर ही टोळी बनवायची आणि दुसऱ्यांना वापरायला द्यायची. खंडणीतला साधारण २० टक्के वाटा टोळीचा, बाकी हल्ला करणाऱ्याचा. इतर टोळ्या पैसे आधी स्वतःकडे घेत आणि मग वाटणी करत. लॉकबिटने हे उलटं केलं. पैसे आधी हल्लेखोराच्या हाती, त्यातून त्याने टोळीचा वाटा पाठवायचा. साहजिकच माणसं त्यांच्याकडे धावली. २०२२ मध्ये या प्रकारच्या हल्ल्यांत जगात सर्वाधिक वापर लॉकबिटचाच होता.

आता आमच्याकडे या. मी भोसरीत यंत्रांचे सुटे भाग बनवतो. माल गेला, पास झाला, बिल लागलं, तरी मोठ्या कंपनीचं पेमेंट चार-चार महिने येत नाही. 'साहेब टूरवर आहेत', 'पुढच्या सायकलमध्ये नक्की बसवतो'. त्या बिलावरचा जीएसटी मात्र मी माझ्या खिशातून आधीच भरलेला असतो! २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आहेत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण गिऱ्हाइकाकडे व्याज मागणारा पुढची ऑर्डर विसरतो. मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात दाखवता येणार नाही, असं प्राप्तिकरातलं कलम ४३बी(एच) आलं, तेव्हा 'तुमची उद्यम नोंदणीच रद्द करा', म्हणजे लघुउद्योग म्हणून असलेली सरकारी नोंदच काढा आणि आमची अडचण मिटवा, म्हणणारे महाभागही निघाले.

चोरांना संत ठरवायचा माझा हेतू नाही. खंडणी भरलेल्यांचा चोरलेला डेटासुद्धा लॉकबिटने कबूल करूनही पुसला नव्हता, हे फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश पोलिसांनी त्यांची यंत्रणा ताब्यात घेतल्यावर उघड झालं. पुढच्याच महिन्यात 'ब्लॅककॅट' टोळीने वेगळाच नमुना दाखवला. अमेरिकेतल्या 'चेंज हेल्थकेअर' या कंपनीकडून खंडणीचे सुमारे २ कोटी २० लाख डॉलर आले, आणि आपला वाटा टोळीनेच हडप केल्याची बोंब खुद्द हल्लेखोराने ठोकली. टोळी पोलिसांच्या जप्तीची खोटी पाटी लावून पसार झाली. भागीदाराला बुडवल्यावर त्या नावाने धंदा करणं त्यांना शक्यच नव्हतं. आमच्याकडे बुडवणाऱ्याचं नाव शाबूत राहतं, कारण ते कोणी छापत नाही.

म्हणून एक विनंती. लघुउद्योगांची ४५ दिवसांवरची थकबाकी असलेल्या कंपन्यांना दर सहा महिन्यांनी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे 'एमएसएमई-१' विवरणपत्र भरावं लागतं. एप्रिल आणि ऑक्टोबरअखेरची मुदत उलटली, की पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातल्या कंपन्यांची त्यातली माहिती मिळवून आपण अर्थविषयक पानावर छापावी. जाहिरातदारांची नावं त्यात निघाली तरी.

आपला,
एक लघुउद्योजक, भोसरी