मूल सापडले, आता पुढे काय? बुद्धिबळातल्या फसवणुकीबद्दल क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : बुद्धिबळ स्पर्धांत गैरप्रकार करताना सापडलेल्या अठरा वर्षांखालील खेळाडूंना द्यावयाची शिक्षा

महोदय,

स्वच्छतागृहात मोबाइलवर इंजिन (चाली सुचवणारे बुद्धिबळाचे सॉफ्टवेअर) लावून बसलेला बारा वर्षांचा मुलगा सापडला, तर त्या डावाचे काय करायचे हे फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, नियमपुस्तकात स्पष्ट आहे. परवानगी नसलेले इलेक्ट्रॉनिक उपकरण खेळाडूजवळ आढळले की डाव गेला. कलम १२.९ पंचाला ताकीद देण्यापासून स्पर्धेबाहेर काढण्यापर्यंतचे अधिकार देते. प्रश्न त्यानंतरचा आहे. पुढच्या महिन्यात तोच मुलगा खेळायला आला तर घ्यायचे का? त्या स्पर्धेचे प्रमाणपत्र त्याच्याकडे राहते का? मोबाइल कुणी पुरवला, हे कोण विचारणार? इथे जो तो आपापल्या मनाने ठरवतो. एकीकडे ‘लहान आहे, जाऊ द्या’, तर दुसरीकडे ‘जन्मभर पटाला हात लावू देऊ नका’.

बंदी घालणे हे राष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचे आणि फिडेच्या शिस्तपालन समितीचे काम आहे, हे आम्ही जाणतो. तरी पत्र आपल्याला लिहितो आहोत, कारण मोहाची एक मोठी किल्ली आपल्या खात्याकडे आहे. १४, १७ आणि १९ वर्षांखालील शालेय स्पर्धा क्रीडा कार्यालये घेतात. खेळातल्या कामगिरीवर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात आणि पुढे शासकीय नोकरीतले पाच टक्के आरक्षण असते. आठवीतल्या पोराला हे हिशेब फारसे कळत नाहीत. त्याच्या घरच्यांना कळतात.

शिक्षेच्या आधी गुन्ह्याची प्रतवारी हवी. नऊ वर्षांखालच्या गटात दिसते ते बहुतेक असे : मोहऱ्याला हात लावून ‘मी नाही लावला’ म्हणणे, मात झालेली नसताना ‘मात’ म्हणत हात पुढे करणे आणि समोरच्या पोराने तो मिळवून टाकणे. याला पंच पुरेसा आहे. बेकायदा चाल केली तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे, दुसऱ्यांदा केली तर डाव गेला. इथे बंदीचा शब्दही काढू नये. खिशात विसरलेला फोन वाजला तर डाव गमावणे एवढीच शिक्षा. त्या मुलाचे नाव कुठल्याही यादीत चढवण्याचे कारण नाही. शेवटच्या फेरीत बक्षिसासाठी ठरवून केलेली बरोबरी किंवा मित्राला सोडलेला गुण हा त्याहून गंभीर प्रकार, पण त्यात प्रशिक्षकाचा सल्ला असल्याशिवाय सहसा काही ठरत नाही. उरते ते इंजिन. आज साध्या फोनवर फुकट मिळणारे स्टॉकफिश हे इंजिन कुठल्याही जगज्जेत्यापेक्षा ताकदीने खेळते. सगळा डाव विचारावा लागतच नाही, मोक्याच्या दोन-तीन चाली पुरतात. आमच्या मागण्या मुख्यतः या शेवटच्या प्रकाराबद्दल आहेत.

पुरावा कशाला म्हणायचे, तिथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. ‘मुलगा रेटिंगपेक्षा (म्हणजे ताकद दाखवणाऱ्या अधिकृत आकड्यापेक्षा) फारच चांगला खेळला’ हा पुरावा नव्हे. अठरा वर्षांखालच्या आणि २३०० रेटिंगच्या खाली असलेल्या खेळाडूला फिडे ४० चा ‘के’ गुणक (एका निकालाने रेटिंग किती हलावे हे ठरवणारा आकडा) देते, तो मुलांची प्रगती झपाट्याने होते म्हणूनच. तरीही रेटिंग मुलाच्या मागेच राहते. सुट्टीत रोज चार तास बसलेला १४५० चा मुलगा मे महिन्यात १८०० च्या ताकदीने खेळला, तर त्यात नवल काही नाही. चालींची इंजिनशी तुलना करणारी संख्याशास्त्रीय पद्धत आहे, बफेलो विद्यापीठाचे प्रा. केनेथ रीगन यांनी त्यावर बरेच काम केले आहे. पण पाठ केलेली ओपनिंग (सुरुवातीच्या चाली) आणि डाव एकतर्फी झाल्यानंतरच्या चाली वगळल्या की एका डावातून मोजण्याजोग्या चाली थोड्याच उरतात. एकदोन डावांवरून मुलाला दोषी धरणे म्हणजे अंधारात तीर मारणे. आकडे नजर ठेवायला वापरा, शिक्षा द्यायला नाही. ऑनलाइन संकेतस्थळाने खाते बंद केले, एवढ्यावरून पटावरची बंदीही घालू नये.

पुरावा गोळा होतो तो पंचाच्या वहीत. खेळाडूची चाल असताना त्याला खेळाचे क्षेत्र सोडायला पंचाची परवानगी लागते. ती देताना पट क्रमांक, चाल क्रमांक, घड्याळावरची वेळ आणि परतल्यावरची वेळ, अशा चार नोंदी लिहायला अर्धे मिनिट लागते. अवघड क्षणी बाहेर, सात मिनिटांनी आत आणि लगेच उत्तम चाल, असे तीनदा झाले की झडतीला आधार मिळतो. कपडे आणि बॅग तपासण्याची मुभा कलम ११.३.३ देते, मात्र ती एकांतात आणि खेळाडू ज्या लिंगाचा आहे त्याच लिंगाच्या व्यक्तीकडून. मुलीची झडती महिला पंचानेच घ्यायची. महिला पंच नसेल तर शाळेतल्या बाईंना अधिकृतपणे नेमून ठेवा. पालक किंवा शिक्षक समोर हवेतच. झडतीला नकार मिळाला तर जबरदस्ती करायची नाही, नियमातली कारवाई करायची.

फोन सापडला की तो पंचाने आपल्या खिशात टाकू नये. पालकांसमोर, त्यांच्याच हातून तो उघडावा. पडद्यावर पट दिसत असेल तर त्या स्थितीचा फोटो घ्यावा आणि मुलाच्या स्कोअरशीटवरच्या (चाली लिहायच्या कागदावरच्या) त्या चालीनंतरच्या स्थितीशी ताडून पाहावा. जुळले तर वाद मिटला. नाही जुळले, तर उपकरण बाळगल्याबद्दल डाव जाईल, पण इंजिन वापरल्याचा आरोप लागणार नाही. कबुलीजबाब मुलाच्या शब्दांत आणि त्याच्या भाषेत असावा. ‘मी गुन्हा केला असून कोणतीही शिक्षा मला मान्य आहे’ असे छापील वाक्य बारा वर्षांच्या मुलाकडून लिहून घेतलेले कागद अपिलात टिकत नाहीत, टिकूही नयेत.

आता शिक्षा. मोठ्यांच्या प्रकरणांतला मापदंड माहीत आहे. २०१५ मध्ये दुबईत ग्रँडमास्टर गायोझ निगालिद्झेचा फोन स्वच्छतागृहात सापडला. तीन वर्षे बंदी झाली आणि किताब गेला. २०१९ मध्ये तशाच प्रकरणात ग्रँडमास्टर इगोर्स राउसिसला सहा वर्षे. आपल्याकडे २००६ मध्ये दिल्लीतल्या सुब्रतो मुखर्जी स्मृती स्पर्धेत टोपीत ब्लूटूथ लपवणाऱ्याला महासंघाने दहा वर्षांसाठी बाहेर काढले. हे माप मुलांना लावता येत नाही, आणि ते केवळ दयेपोटी नव्हे. भारतात वयोगट ७, ९, ११, १३ असे दोन-दोन वर्षांनी चढतात. दोन वर्षांच्या बंदीत मुलाचा एक अख्खा गट हातचा जातो. असे मूल सुधारून परत येत नाही, ते खेळच सोडते.

म्हणून आमची सूचना अशी. दहाच्या आतल्या मुलाला बंदी नाही. स्पर्धेबाहेर काढावे आणि पालकांना लेखी समज द्यावी. दहा ते चौदा : सहा महिने, आणि त्या वर्षीच्या निवडीतून बाद. चौदा ते अठरा : एक वर्ष, त्यातले निम्मे स्थगित, म्हणजे पुन्हा सापडला तरच भोगायचे. दुसऱ्या खेपेला दोन वर्षे. चौकशी तीस दिवसांत संपावी आणि त्या काळातले निलंबन शिक्षेत धरावे. निकाल लांबत गेला की लांबणे हीच शिक्षा होते, ती निर्दोष मुलालाही. बंदी स्पर्धांपुरती असावी. वर्गात शिकायला, घरी खेळायला नको. काही जण सुचवतात की अशा मुलाला स्पर्धेत घड्याळे लावायला, मोहरी मांडायला बसवावे. आमचा याला विरोध आहे. हॉलमधला प्रत्येक पालक बोट दाखवून विचारणार, ‘हाच ना तो?’

प्रमाणपत्राच्या बाबतीत मात्र कडक राहावे. ज्या स्पर्धेत फसवणूक सिद्ध झाली तिचे प्रमाणपत्र रद्द, त्यावरचे सवलतीचे गुण रद्द, आणि नोकरीसाठी पडताळणी होते तिथपर्यंत ही नोंद पोचलेली असावी. आधी प्रामाणिकपणे मिळवलेल्या प्रमाणपत्रांना हात लावू नये.

मोठ्यांना मुलापेक्षा जास्त शिक्षा हवी, आणि याला दाखला आहे. २०१० च्या खांती-मानसिस्क ऑलिम्पियाडमध्ये फ्रान्सच्या सेबास्टियाँ फेलरला चाली पोचवण्यासाठी फ्रान्समधून एसएमएस यायचे आणि संघाचा कर्णधार अर्नो ओशार ठरलेल्या पटांपाशी उभा राहून चाल कळवायचा. फिडेने त्या ऑलिम्पियाडच्या वेळी एकोणीस वर्षांच्या असलेल्या फेलरला दोन वर्षे नऊ महिने बंदी घातली, तर ओशारला तीन वर्षे. मूल अल्पवयीन असेल तेव्हा हा फरक आणखी ठळक असावा. फोन पुरवणाऱ्या किंवा खुणा करणाऱ्या प्रशिक्षकाला किमान पाच वर्षे कुठल्याही शालेय स्पर्धेच्या आवारात प्रवेश नको, शासकीय मानधन असेल तर तेही थांबावे. पालकाला तीन वर्षे हॉलबंदी, मुलाला खेळण्याची मोकळीक ठेवून.

मुलाचे नाव, फोटो, शाळा यांतले काहीही जाहीर होऊ नये. पंच आणि निवड समितीपुरती बंद नोंद ठेवावी, आणि पुन्हा काही घडले नाही तर अठराव्या वर्षी ती पुसावी. व्हॉट्सॲपवर फोटो फिरवणाऱ्या पालकावरही कारवाईची तरतूद असावी. तक्रार लेखी, सहीनिशी आणि पट क्रमांकासह घ्यावी. तोंडी कुजबुज पंचाने वहीतही लिहू नये.

एक किचकट मुद्दा राहतो. स्विस पद्धतीत (कुणी बाद होत नाही, दर फेरीला सारख्या गुणांच्या खेळाडूंच्या जोड्या लागतात) सातव्या फेरीला कुणी बाहेर गेला, तर आधीच्या सहा फेऱ्यांत त्याच्याकडून हरलेल्यांचे काय? गुण परत दिले तर झालेल्या जोड्यांना अर्थ उरत नाही, म्हणून जुने निकाल तसेच ठेवावेत. पण निवडीची जागा आणि बक्षीस पुढच्याकडे सरकावे, आणि हरलेल्यांपैकी कुणी निवडीपासून अर्ध्या गुणाने हुकला असेल, तर जिल्ह्याने त्याला जादा खेळाडू म्हणून पुढच्या पातळीच्या स्पर्धेला पाठवावे. एखाद-दुसऱ्या प्रवेशिकेने स्पर्धेवर ताण येत नाही.

खर्चाचे म्हणाल तर फार नाही. हातात धरायचे मेटल डिटेक्टर जिल्ह्याला दोन पुरतात. बक्कल आणि चेनलाही ते वाजतात, म्हणून वाजले म्हणजे दोषी असे समजायचे नाही. फोन आत येण्याआधी बंद करून नावाच्या पाकिटात जमा करावेत. स्वच्छतागृहाची पाहणी प्रत्येक फेरीपूर्वी करावी, फ्लशची टाकी आणि कचऱ्याचा डबा धरून. पालकांची बसायची जागा पट दिसणार नाही अशी असावी.

तालुका स्पर्धांची परिपत्रके निघण्यापूर्वी याचा शासन निर्णय काढावा आणि वयानुसार शिक्षेचा तक्ता प्रवेश अर्जाच्या मागच्या पानावर मराठीत छापावा. त्याखाली खेळाडूची, पालकाची आणि प्रशिक्षकाची अशा तीन सह्या घ्याव्यात.

आपले,
राज्यातील काही बुद्धिबळ पंच व प्रशिक्षक