वेग नको, शेवटच्या खुर्चीचा हिशेब द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वायरलेस तंत्रज्ञानाच्या बातम्यांत वेगाचा आकडा नेहमी ठळक असतो. एकाच फोनला काही पाठवायचे असेल तर तो कामाचा आहे. पण एकच मजकूर एकाच वेळी शेकडो फोनवर पोचवायचा असेल, तर सगळ्यात वाईट जागी बसलेल्या माणसाला किती मिळाले, हेच विचारायला हवे. सभागृहातल्या कार्यक्रमांत कमी ऐकू येणाऱ्यांच्या फोनवर वक्त्याचे बोलणे लगोलग मजकूर म्हणून पाठवणे, हे माझे काम. वाक्यातला एक ‘नाही’ गळला तर वाचणाऱ्याला अर्थ उलटा कळतो, आणि आपल्याला चुकीचे कळले आहे याचा त्याला पत्ताही लागत नाही.

रेंज जाते ती केवळ अंतरामुळे नाही. भिंती, छत, खांब यांवर आपटून एकच सिग्नल अनेक वाटांनी येतो. कुठे लहरी एकमेकींना बळ देतात, कुठे मारून टाकतात. २.४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर असते, म्हणून फोन चार बोटे सरकवला तरी चित्र पालटते. अशा वेळी किती जणांना क्षीण सिग्नल मिळेल हे काढायला शास्त्रज्ञ रेले यांच्या नावाने ओळखले जाणारे गणित वापरतात. त्यानुसार एका अँटेनाने पाठवले तर २०० पैकी सुमारे १९ जणांना सरासरीच्या एक दशांशाहूनही कमी शक्तीचा सिग्नल मिळतो. तेवढीच एकूण शक्ती दोन अँटेनांत नीट वाटली, तर ही संख्या तीन-चारवर येते.

‘नीट’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. एका सभागृहात बसवणाऱ्यांनी एकाच केबलला स्प्लिटर (सिग्नल दोन वाटांत विभागणारा जोड) लावून दोन अँटेना जोडल्या होत्या. दोन्हींतून हुबेहूब एकच सिग्नल जात होता, त्यामुळे दोन्हींच्या लहरी नव्या ठिकाणी एकमेकींना मारू लागल्या. रेंज नसलेल्या खुर्च्या कमी झाल्या नाहीत, फक्त बदलल्या. यावरचा उपाय अभियंता सियावाश अलामूटी यांनी १९९८ सालीच मांडला आहे. पहिल्या क्षणी एक अँटेना पहिला सिम्बॉल (माहितीचा छोटा तुकडा सांगणारी संमिश्र संख्या) पाठवते आणि दुसरी दुसरा. पुढच्या क्षणी अदलाबदल होते, तीही दोन्हींची संयुग्मी रूपे (काल्पनिक भागाचे चिन्ह उलटलेली) घेऊन आणि त्यातल्या एकाला उणे चिन्ह लावून. रिसीव्हर साध्या गणिताने दोन्ही सिम्बॉल वेगळे करतो, आणि त्याला एकच अँटेना पुरते. कोणाकडे रेंज कशी आहे हे पाठवणाऱ्याला ठाऊक असावे लागत नाही. शेकडो फोनचे हालहवाल विचारत बसणे शक्य नसते, म्हणून मला ही युक्ती फार मोलाची वाटते.

तरीही काही पॅकेट, म्हणजे मजकुराचे पाठवलेले छोटे तुकडे, गळतातच. वाय-फायवर सर्वांसाठी एकदम पाठवलेल्या पॅकेटची पोच फोन देत नाहीत, त्यामुळे गळलेले परत पाठवले जात नाही. परत मागण्याची सोय केली तरी हिशेब जुळत नाही. २०० जणांपैकी प्रत्येकाची शंभरात पाचच पॅकेट गळत असली, तरी एखादे पॅकेट सगळ्यांना मिळण्याची शक्यता जवळपास शून्य. म्हणजे प्रत्येक पॅकेट कोणी ना कोणी पुन्हा मागणारच. त्याऐवजी प्रत्येकाला वेगवेगळे पाठवावे, तर तेच वाक्य २०० वेळा हवेत सोडावे लागते.

कोडिंग कामाला येते ते इथे. मूळ १०० पॅकेट ही शंभर अज्ञाते धरा आणि त्यांच्या मिश्रणांतून समीकरणे पाठवत राहा. कोणतीही शंभर, फार तर आणखी थोडी, हाती आली की फोन सगळे सोडवून घेतो; कोणाचे काय गळले हे विचारायची गरज उरत नाही. १२० पाठवली तर वरच्या उदाहरणातल्या जवळपास सगळ्यांचे काम होते. संगणकशास्त्रज्ञ मायकेल ल्युबी यांनी २००२ मध्ये या जातीचा झटपट सुटणारा कोड मांडला, आणि पुढे त्यातूनच रॅप्टर नावाचे सुधारित कोड निघाले. थेट मजकुराला थांबायला वेळ नसतो, म्हणून एकत्र मिसळायच्या पॅकेटांचे माझे गठ्ठे लहान असतात आणि त्यांना जादा पॅकेटही प्रमाणाने अधिक लागतात. तो बोजा मी खुशाल सोसते.

मात्र एकटे कोडिंग पुरत नाही. खांबामागच्या माणसाची शंभरात पाच नव्हे, साठ पॅकेट गळत असतील, तर त्याच्यासाठी सगळ्यांचाच वेग अर्ध्याहून खाली आणावा लागतो. अँटेनांनी अशी माणसे मोजकी करायची आणि उरलेली गळती कोडिंगने भरून काढायची, अशी ही जोडी आहे. एकावर पैसे खर्चून दुसरे वगळलेले मी पाहते तेव्हा वाईट वाटते.

वाय-फायच्या २००९ च्या ‘८०२.११ एन’ मानकात अलामूटींच्या पद्धतीची ऐच्छिक सोय आहे. पण यंत्रात ती असली म्हणजे सर्वांसाठी पाठवलेल्या पॅकेटांना ती लागू होतेच असे नाही; खरेदीआधी विक्रेत्याकडून तसे लिहून घ्यावे. सभागृहे, शाळा आणि धोक्याच्या सूचना देणाऱ्या यंत्रणांनी निविदेत कमाल वेगाऐवजी ही अट घालावी: भरल्या सभागृहात, खांबामागच्या आणि भिंतीलगतच्या खुर्च्यांसह, जागोजागी किती टक्के मजकूर पोचला ते मोजून दाखवा, आणि सगळ्यात कमी आलेला आकडा अहवालात पहिल्या ओळीत लिहा. आपल्या वार्ताहरांनीही नव्या यंत्रणेची बातमी देताना तोच आकडा मागावा, ही विनंती.

आपली,
थेट मजकूर-सेवेतील एक तंत्रज्ञ