वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र: बाळांचे सर्जन घडवणार कोण?

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात एकाच दिवशी १० नव्या वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा ही नावं त्यात वाचून आम्हाला मनापासून आनंद झाला. पण आज रात्री यातल्या एखाद्या जिल्ह्यात दोन दिवसांचं बाळ हिरवी उलटी करू लागलं, तर त्याला टेबलावर कोण घेणार? हिरवी उलटी म्हणजे आतड्याला पीळ पडल्याची शक्यता. हातात काही तासच असतात. पुढे आतडं काळं पडतं. तरीही नव्या महाविद्यालयाच्या मान्यतेसाठी बालशल्यचिकित्सा, म्हणजे लहान मुलांच्या शस्त्रक्रियांचा, विभाग लागतच नाही. म्हणजे इमारत आली, बाळाची रुग्णवाहिका मात्र पूर्वीइतकीच लांब जाणार.

असा सर्जन व्हायला एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमएसची तीन आणि त्यापुढच्या एमसीएच या अतिविशेष पदवीची तीन, अशी साडेअकरा वर्षं लागतात. बाँड, म्हणजे शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा, वेगळा. नीट-एसएस या प्रवेशपरीक्षेनंतर प्रवेशाच्या फेऱ्यांवर फेऱ्या होतात, पात्रतेचं पर्सेंटाइल खाली आणलं जातं, तरी एमसीएचच्या जागा रिकाम्या राहतात. मग आपले अधिकारी म्हणतात, 'मुलं येत नाहीत.' का येतील, साहेब? शिकवणारा तिथे टिकतो का, हे मुलं आधी पाहतात.

या विषयात शिकवणं म्हणजे काय, ते फाइलीत दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. दोन किलोच्या बाळाच्या अंगात जेमतेम १६० ते १७० मिली रक्त असतं. चिंब भिजलेल्या गॉझच्या एका तुकड्यात १० मिली सहज जातं. म्हणून रेसिडेंटला, म्हणजे शिकाऊ डॉक्टरला, पहिल्या महिन्यापासून गॉझ वजन करून मोजायला शिकवावं लागतं, आणि बाळ थंड पडू नये म्हणून स्वतः घामाघूम होऊन तापवलेल्या थिएटरात उभं राहायला. मग हर्निया. त्याची पिशवी ओल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आणि तिला चिकटलेली वीर्यनलिका चिमट्यात धरायचीच नाही; एकदा चिरडली की तिचं नुकसान तो मुलगा बाप व्हायच्या वयात कळतं.

अन्ननलिका जोडण्याची पाळी याच्या कितीतरी नंतर येते. वरची अन्ननलिका बंद आणि खालची श्वासनलिकेला जोडलेली, असं हे बाळ. उजव्या बाजूने, चौथ्या फासळीखालून आत शिरायचं आणि फुप्फुसावरचं आवरण न फाडता ओल्या बोळ्याने हळूहळू सोडवायचं. ते शाबूत राहिलं, तर पुढे टाका गळला तरी लाळ छातीभर पसरत नाही. श्वासनलिकेशी झालेली चुकीची जोडणी बांधण्याआधी ती नुसती दाबून धरायची आणि भूलतज्ज्ञाला विचारायचं, 'दोन्ही फुप्फुसं फुगतात का?' नवशिक्याच्या हातून इथे उजव्या फुप्फुसाची नळीच बांधली जाऊ शकते. मग ५-० किंवा ६-० अशा अगदी बारीक दोऱ्याने मागच्या बाजूचे टाके आधी. अन्ननलिकेचं आतलं अस्तर मागे सरकतं, आणि टाक्यात फक्त स्नायू आला तर जोड वरून सुरेख दिसतो, तीन-चार दिवसांनी गळतो. हे पुस्तकात एका ओळीत असतं. टेबलावर मात्र समोर उभ्या असलेल्या शिक्षकाने त्याच क्षणी 'थांब, अस्तर आलं नाही' म्हणावं लागतं. असा 'थांब' शेकडो वेळा ऐकला की हात तयार होतो.

आणि हा 'थांब' म्हणणारा माणूस आपण १२० दिवसांच्या हंगामी नेमणुकीवर ठेवता! रेसिडेंटची तीन वर्षं आणि शिक्षकाचे १२० दिवस, हा हिशेब कुठे जुळतो? दिवसा ओपीडी, रात्री इमर्जन्सी, मधल्या वेळात तपासणीसाठी हजेरीचे कागद, आणि नेमणुकीची मुदत संपत आली की मंत्रालयाचे खेटे. बदली झाली की अर्धवट घडलेला हात तसाच राहतो. आमच्या पिढीने हे निमूट सोसलं. पुढची पिढी सोसणार नाही, आणि तिचं बरोबर आहे.

बाँडचंही तसंच. एमसीएच झालेल्या सर्जनला अशा ठिकाणी पाठवतात जिथे नवजात बाळाला भूल देणारं कोणी नाही आणि व्हेंटिलेटरची खाटही नाही. शिकलेला हात वर्षभर रिकामा बसतो, आणि याच पहिल्या वर्षात त्याला ज्येष्ठ सर्जन शेजारी हवा असतो.

व्यवस्थेला मोजता येतं तेच दिसतं. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याच्या यादीत ९ जन्मजात दोष आहेत. बंद अन्ननलिका त्यात नाही, बंद गुदद्वारही नाही. खरं तर जन्मतःच तोंडातून एक नळी घालून पाहिली आणि ती १० सेंटिमीटरच्या आसपास अडली, की निदान झालं. बाळाला पाजण्याआधीच ते कळतं. हे प्रत्येक प्रसूतिगृहातल्या सिस्टरला एका दुपारी शिकवता येईल. पण शिकवायला पाठवायचं कोणाला?

आमच्या मागण्या थोड्या आहेत. बालशल्यचिकित्सेच्या अध्यापकांची पदं कायम स्वरूपात भरा. बाँडची नेमणूक नवजात अतिदक्षता विभाग आणि भूलतज्ज्ञ असलेल्या ठिकाणीच द्या, आणि त्या वर्षासाठी एक ज्येष्ठ सर्जन मार्गदर्शक म्हणून लेखी नेमा. रेसिडेंटच्या लॉगबुकात, म्हणजे कामाच्या नोंदवहीत, नुसता शस्त्रक्रियांचा आकडा नको. कोणती पायरी कोणाच्या हाताने झाली, ते शिक्षकाच्या सहीने लिहिलं जाऊ द्या. सामान्य शस्त्रक्रियेच्या प्रत्येक रेसिडेंटला आमच्याकडे सलग तीन महिने पाठवा, कारण तालुक्याच्या गावी ती हिरवी उलटी पहिल्यांदा त्याच्याच समोर येणार आहे.

पदं भरण्याचं मागणीपत्र लोकसेवा आयोगाकडे कोणत्या तारखेला जाईल, तेवढं लेखी कळवावं.

आपले,
सरकारी रुग्णालयांत बालशल्यचिकित्सा शिकवणारे काही डॉक्टर