रिकाम्या पिशवीचीही पावती द्या

प्रति,
मा. मंत्री महोदय,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

साहेब, मी घाटमाथ्यावरच्या एका गावात राहते. आमचं प्राधान्य कुटुंबाचं रेशन कार्ड आहे. घरात पाच माणसं, म्हणजे माणशी ५ किलोप्रमाणे महिन्याला २५ किलो धान्य. गेली सहा वर्षं रेशनच्या वाटपावर लक्ष ठेवणाऱ्या गावच्या दक्षता समितीवर आहे, त्यामुळे माझ्या पिशवीसोबत इतरांच्या पिशव्यांचाही हिशेब माझ्या कानावर येतो. तो तुमच्या कानावर घालावा म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. तहसीलला दिलेले अर्ज फायलीत लागतात. हे पत्र चार लोक वाचतील तरी.

महिन्याची दहा तारीख उलटली की पाणवठ्यावर, एसटीच्या थांब्यावर, दळणाच्या चक्कीवर एकच विचारणा सुरू होते, 'माल आला का?' दुकानदाराला विचारावं तर तो गोदामाकडे बोट दाखवतो. गोदामात फोन लावला तर 'गाडी लागली की कळवू.' वाहतूक ठेकेदाराचा माणूस सांगतो, हमाल नाहीत. कुणी खोटं बोलतंय असं मी म्हणत नाही. प्रत्येकाची अडचण खरी असेल. पण या सगळ्यांत तारीख कुणाकडेच नसते, आणि तारीख नसली की वाडीवरची बाई रोज चालत येते.

आमचं रास्त भाव दुकान मुख्य गावठाणात आहे. वाड्या विखुरलेल्या. लांबची वाडी दीड तासाच्या वाटेवर, मध्ये एक ओढा. तिथली बाई येते तेव्हा एक रोज बुडवून येते. भांगलणीला, कापणीला आमच्याकडे बाईला तीनशे रुपये रोज मिळतो. तीन खेपा झाल्या की नऊशे गेले. फुकट धान्य म्हणतात ते तिला असं पडतं. १ जानेवारी २०२३ पासून धान्य मोफत झालं, पुढे २०२४ पासून आणखी पाच वर्षांसाठी मोफत राहणार असं जाहीर झालं, तेव्हा आम्हाला मनापासून आनंद झाला होता. दोन रुपये, तीन रुपये किलोचे ते पैसेही वाचले. पण त्या पैशांपेक्षा खेपांचा खर्च कायमच जास्त होता आणि तो आजही तसाच आहे.

गेल्या ऑक्टोबरची गोष्ट सांगते. भातकापणी ऐन भरात होती. त्या महिन्याचा माल आमच्या दुकानात आला २८ तारखेला, दिवस मावळताना. टेम्पोतून पन्नास-पन्नास किलोचे कट्टे उतरेपर्यंत अंधार पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून पिशव्यांची रांग लागली. माणसं कापणीला आणि पिशव्या रांगेत. आमच्याकडे पिशवीवर दगड ठेवून नंबर धरतात. साडेदहापर्यंत अंगठा घेऊन धान्याची नोंद करणारं ई-पॉस मशीन बरं चाललं, मग सर्व्हर गेला. दुकानदार ते मशीन घेऊन कधी ओट्यावर, कधी समोरच्या शाळेच्या पायरीवर, कधी जांभळाखाली उभा. रेंजच्या शोधात माणूस किती हिंडणार? ३० तारखेलाही अर्धा दिवस असाच गेला.

वरच्या वाडीतल्या एक आजी अंत्योदय, म्हणजे सगळ्यांत गरीब घरांसाठीच्या कार्डावर आहेत. एकट्याच. अंत्योदयला घरात माणसं कितीही असोत, कार्डामागे ३५ किलो. त्या २९ ला आल्या, अंगठा जुळला नाही. सत्तरी उलटलेल्या बाईच्या बोटावर रेषा उरतात कुठे? सगळं आयुष्य चिखलात आणि शेणात गेलं. ३० ला आल्या, सर्व्हर नव्हता. ३१ ला आल्या तेव्हा त्यांच्यापुढे चाळीस पिशव्या होत्या. रात्री अकरापर्यंत दुकानदाराने वाटप केलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आजी ओट्याच्या कोपऱ्यात गोधडी पांघरून बसल्या होत्या. त्यांचा नंबर आला आणि पुन्हा सर्व्हर गेला. सकाळी मशीनवर नवा महिना चढला होता. मागचा महिना दिसतच नव्हता.

३५ किलो गेलं, साहेब. आजींनी भांडण केलं नाही. पिशवीची घडी केली, कमरेला खोचली आणि मला म्हणाल्या, 'आता पुढच्याला कधी येऊ, तेवढं सांग.' मला सांगता आलं नाही. मी समितीची सदस्य, पुरवठा निरीक्षकांचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये, आणि मला सांगता आलं नाही.

ही एका आजींची अडचण असती तर मी चार दारं वाजवून भागवली असती. पण दोष व्यवस्थेच्या मुळात आहे. रेशनचा महिना कॅलेंडरप्रमाणे संपतो आणि माल मात्र गाडीप्रमाणे येतो. भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून उचल, तिथून तालुक्याच्या शासकीय गोदामात, तिथून द्वारपोच वाहतुकीने दुकानात. या तीन टप्प्यांत कुठेही उशीर झाला तरी त्याची किंमत शेवटच्या टप्प्यावर उभ्या असलेल्या माणसाने मोजायची, असा आजचा शिरस्ता आहे. उचल आठ दिवस लांबली तर ठेकेदाराचा महिना बुडत नाही. कार्डधारकाचा बुडतो. कधीकधी वाटपाला मुदतवाढ मिळते, नाही असं नाही. पण ती मिळणार की नाही हे ३१ तारखेच्या संध्याकाळपर्यंत कुणाला ठाऊक नसतं. आणि वरच्या वाडीला ते कळतं दोन दिवसांनी.

म्हणून माझं पहिलं मागणं असं की, महिना गाडीपासून मोजा. माल दुकानात उतरून मशीनवर जमा झाला, त्या दिवसापासून पुरते तीस दिवस त्या वाट्यावर कार्डधारकाचा हक्क राहू द्या. गाडी २८ ला आली तर पुढच्या २७ पर्यंत. दोन महिन्यांचं वाटप एकमेकांत शिरेल, हिशेबाला त्रास होईल, असं अधिकारी म्हणतील. २०२५ च्या जूनमध्ये केंद्राच्या सांगण्यावरून पावसाळ्याच्या तोंडावर जून, जुलै, ऑगस्ट असं तीन महिन्यांचं धान्य एकदम द्यायचं ठरलं, तेव्हा याच मशीनवर तीन महिने एकत्र बसलेच ना? तेव्हा बसले तर आता दोन बसायला हरकत काय आहे?

त्या जूनबद्दल आणखी एक सांगायला हवं. आगाऊ धान्य देण्याचा विचार चांगलाच होता. आमच्यासारख्या भागात दरड आली की आठवडा-आठवडा रस्ता बंद असतो. पण ७५ किलो धान्य ठेवायचं कुठे, हा विचार कुणी केलेला दिसला नाही. आमच्या घरांच्या भिंतींना जूनपासून ओल धरते. ज्यांच्याकडे पत्र्याची कोठी आहे त्यांचं टिकलं. ज्यांनी कट्ट्यातच ठेवलं त्यांच्या तांदळात श्रावणापर्यंत सोंडे झाले. माझ्या जावेने गौरीच्या आधी सगळा तांदूळ अंगणात पसरला, तर ऊन अर्धा तास पडलं आणि पुन्हा सर आली. धान्य आधी द्यायचं तर मे महिन्यात द्या, वाळवायला ऊन असतं तेव्हा.

दुसरं मागणं जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते कायद्यातलंच आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्याच्या कलम ८ मध्ये म्हटलंय की, ठरलेलं धान्य मिळालं नाही तर त्या माणसाला राज्य सरकारने अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा. २०१५ च्या नियमांत त्याचा हिशेबही घालून दिलाय, हमीभावाच्या सव्वापट धरायचं आणि त्यातून रेशनचा दर वजा करायचा. २०२५-२६ च्या हंगामाला गव्हाचा हमीभाव क्विंटलला २४२५ रुपये होता, म्हणजे किलोमागे साधारण २८ ते ३० रुपये होतात. आजींच्या ३५ किलोंचे साधारण हजार. किराणा दुकानात तेवढ्यात ३५ किलो येत नाहीत, साधा तांदूळही आमच्याकडे चाळीस-बेचाळीसच्या खाली नाही. तरीही हजार रुपये हातात आले असते तर त्यांना महिनाभर शेजाऱ्यांकडे पायली-पायली उसनं मागावं लागलं नसतं.

समितीवर आल्यापासून मी आमच्या गावात एकालाही हा भत्ता मिळालेला पाहिला नाही. मी कायदा वाचला, तहसीलला विचारलं. उत्तर आलं, 'ती बाई त्या महिन्यात दुकानात आली होती याचा पुरावा काय?' प्रश्न नियमाला धरूनच होता. जो दुकानात धान्य घ्यायला आलाच नाही त्याला भत्ता नाही, असं नियमात आहे. मग मी विचार करत बसले की पुरावा आणायचा कुठून? धान्य मिळालं की मशीनमधून पावती निघते. धान्य न मिळता परत गेलेल्या माणसाच्या हातात काहीच पडत नाही. आजी तीन दिवस आल्या, एका रात्री अकरापर्यंत बसल्या, आणि सरकारच्या कागदावर त्या आल्याच नाहीत.

म्हणून साहेब, रिकाम्या पिशवीचीही पावती द्या. कार्डाचा बारा अंकी नंबर टाकला पण अंगठा लागला नाही, सर्व्हर नाही, माल संपला, कारण काहीही असो, कार्डधारक आला होता एवढं लिहिलेली चिठ्ठी त्याला मिळाली पाहिजे. मशीन बंद असेल तर दुकानात एक वही ठेवा, तारीख-वेळ लिहून दुकानदाराची सही आणि शिक्का. महिना संपला आणि धान्य मिळालं नाही तर तीच चिठ्ठी भत्त्याचा अर्ज समजा. वेगळा फॉर्म नको, उत्पन्नाचा दाखला नको, तालुक्याला खेप नको. कार्डाला आधार जोडलंय, आधारला बँक खातं जोडलंय, ई-केवायसीसाठी आमच्याकडून सगळं करून घेतलंत. आता ते आमच्या उपयोगीही पडू द्या.

यात दुकानदाराला भरडू नका, ही विनंती. क्विंटलमागे एकशे सत्तर रुपयांच्या कमिशनवर तो दुकानाचं भाडं, वीज, मदतनीस आणि लोकांच्या शिव्या असं सगळं भागवतो. कट्ट्यात किलो-दीड किलो तूट निघते, ती भरून कोण देणार? आमचा दुकानदार कट्टा उतरतानाच काट्यावर ठेवायला मागतो, तर गाडीवाल्याला पुढच्या गावची घाई. गोदामातून वजन करून मिळालं तर निम्म्या गावांतली भांडणं मिटतील. शहरांकडची अडचण निराळी आहे. कार्ड गावचं आणि माणूस मुंबईत, तर तो तिथल्या दुकानातून धान्य उचलू शकतो ही सोय फार चांगली. आमच्याकडची निम्मी तरणी माणसं तिकडेच आहेत. पण ज्या दुकानावर अशी बाहेरची कार्डं जास्त येतात तिथला साठा महिन्याच्या मध्यातच संपतो. साखर कारखान्यांच्या आसपास ऊसतोडणीच्या हंगामात तेच होतं. कोणत्या दुकानाला किती धान्य द्यायचं हे ठरवताना हंगाम बघून वाढीव साठा आधीच पाठवता येईल. मागच्या वर्षी कुठे किती उचल झाली हे तर मशीनला माहीतच आहे.

अंत्योदयच्या साखरेविषयी थोडंच लिहिते. कार्डामागे १ किलो, २० रुपयांना. आमच्याकडे ती कधी तीन महिन्यांनी येते, कधी दिवाळी झाल्यावर. २०२२ च्या दिवाळीला शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल असा आनंदाचा शिधा जाहीर झाला, तेव्हा आमच्या गावात रवा वेळेवर आला आणि तेल भाऊबीज झाल्यावर. करंज्या तळायच्या त्या दिवशी निम्म्या घरांनी किराणातून उधारीवर तेल आणलं. सणाची वस्तू सणाआधी आली तरच तिचा उपयोग. जाहीर करण्याआधी गोदामात माल आहे का एवढं बघितलं तरी पुरे.

माझ्या आत्या गिरणगावात राहायच्या. १९७२-७३ च्या टंचाईत साखर, तेल, रॉकेलसाठी मुंबईतल्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर पुढे होत्या, आणि त्या गर्दीत आत्याही होत्या. त्या सांगायच्या, तेव्हा माल नव्हताच, म्हणून मागायला गेलो. आज माल आहे. देशाची गोदामं भरलेली आहेत, वाटपाला पैसा आहे, कायदा आहे, मशीन आहे. तालुक्याच्या गोदामापासून आमच्या गावापर्यंतचे तीस किलोमीटर तेवढे राहिलेत.

तारखेचंही जमेल. गोदामातून गाडी निघताना तिची नोंद होतेच. त्याच वेळी त्या दुकानाच्या सगळ्या कार्डधारकांच्या मोबाईलवर एक मेसेज जाऊ द्या, कोणत्या गावाला, काय, किती, कधी पोचणार. धान्य घेतल्यावर मेसेज येतो, तसाच आधीही येऊ द्या. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. वाड्यांवर निरोप पोचवायचं काम समितीतल्या आम्ही बायका करू, ते माझ्याकडे लागलं.

आज महिन्याची १९ तारीख. आमच्या दुकानात अजून माल आलेला नाही. काल आजी येऊन गेल्या. दुकानदाराकडे वही नाही, म्हणून मी माझ्याच वहीत त्यांचं नाव, तारीख आणि वेळ लिहून खाली त्यांचा अंगठा घेतला. कागदावर तो स्वच्छ उमटला. ही वही मी या महिन्याच्या शेवटी तहसीलला जोडपत्र म्हणून देणार आहे. ती पुरावा म्हणून धरावी असे आदेश आपण द्यावेत, ही विनंती.

आपली नम्र,
एक कार्डधारक व ग्राम दक्षता समितीची सदस्य